आठ सेंटीमीटरचा ट्रक

(स्नेहमेळाव्यातील ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



टेबलावर हे जे काचेचं खोकं ठेवलंय, त्यात आठ सेंटीमीटर लांबीचा एक ट्रक आहे. भाषण झालं की जरूर बघा. फक्त फाळका उघडायचा प्रयत्न करू नका, तो चिकटवलेला आहे.

घरी सहा फूट बाय अडीच फूट प्लायवूडवर मी आपल्या बार्शी लाईटचा एक तुकडा उभा करतेय. मालधक्का, दोन रूळमार्ग, कडुनिंबाचं एक झाड आणि पोती भरायला उभे असलेले ट्रक. साल धरलंय १९६८. आपल्यापैकी कुणाचाच तेव्हा जन्म झालेला नव्हता, पण आपल्या आईवडिलांची बार्शी ती होती.

मॉडेल रेल्वेत १:८७ हे प्रमाण जगभर चालतं. म्हणजे खऱ्यातले ८७ सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेल्या आपल्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, त्यामुळे तो प्रश्न सुटला. गुणोत्तर-प्रमाण पुढे कुठे उपयोगी पडणार, असं सातवीत सरांना विचारणारे आज इथे हजर आहेत, त्यांनी नोंद घ्यावी.

रेल्वेच्या मॉडेलमध्ये ट्रक कशाला, असं मला नेहमी विचारतात. उत्तर कुर्डुवाडीला आहे. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चढत नाही. बार्शीत भरलेलं पोतं कुर्डुवाडीला उतरवायचं, मोठ्या गाडीच्या डब्यात पुन्हा भरायचं. दोनदा हमाली, वर खोळंबा. ट्रक आडत दुकानाच्या दारात भरायचा आणि थेट मुंबईच्या दाणाबंदरात रिकामा व्हायचा. मालधक्क्याशेजारी ट्रक उभा केला की त्या रेल्वेचं पुढे काय झालं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

गंमत बघा, टेल्को १९४५ साली जमशेदपूरला सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये त्यांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. त्याच वर्षी बार्शी लाईट सरकारने ताब्यात घेतली. करार १९६९ पर्यंत चालला, तोवर टाटाच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. म्हणून माझ्या ट्रकला तारा आहे. तो दीड मिलिमीटरचा आहे आणि बसवताना श्वास रोखावा लागतो. नंबर प्लेटवर ‘एमएच १३’ लिहिता येत नाही, कारण ती पद्धत १९८८ च्या कायद्यानंतरची.

आता बनवण्याबद्दल. बॉनेट आणि मडगार्ड मी संगणकावर आखून थ्रीडी प्रिंटरवर काढते. हौद्याच्या फळ्यांना आइस्क्रीमची काडी चालत नाही. दोन मिलिमीटरची काडी या प्रमाणात सतरा सेंटीमीटर जाडीची होते, एवढी जाड फळी कुठल्या ट्रकला असते? त्यासाठी कागदासारखा पातळ लाकडी पापुद्रा घ्यावा लागतो. पोती एम-सीलची. मळून साडेअकरा मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि ओलं असतानाच मलमलीच्या कापडावर दाबायचे, म्हणजे गोणपाटाची वीण उमटते. ताडपत्री म्हणजे पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर, आणि दोरखंड म्हणजे शिवणाचा दोरा.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण पुढे येते. कंपनीकडून यायची ती चासी, इंजिन आणि बॉनेट. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. इंजिनाची मापं छापील मिळतात, पण आपल्या भागात फळ्या किती उंच असत, फाळक्याला कडी होती की खिळी, टपावर काय रंगवायचे, हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. जर्मन कंपन्यांची त्या काळच्या मर्सिडीज ट्रकची सुंदर मॉडेलं मिळतात, पण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे आणि केबिन पत्र्याची. तो आपला ट्रक नव्हे.

आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील तेव्हा ट्रक चालवायचे. त्यांच्याकडे दोन दुपारी जाऊन बसले. ट्रकचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. पण काकांनी हाताच्या वितीने फळ्यांची उंची दाखवली, मी टेपने वीत मोजली. हौद्याच्या दोन्ही बाजू मालाने फाकू नयेत म्हणून मधून साखळी ताणायचे, ती कुठून कुठे जायची ते त्यांनी चहाच्या ट्रेवर बोटाने काढून दाखवलं. मग माझा अर्धवट झालेला ट्रक तळहातावर घेऊन म्हणाले, ‘‘पोरी, क्लीनर कुठाय? खंडाळ्याला गाडी मागं सरली तर चाकाखाली ठोकळा कोण लावणार?’’

खोक्यात डाव्या पायरीवर उभा आहे तो एकोणीस मिलिमीटरचा क्लीनर काकांच्या सांगण्यावरून आला. हातात ठोकळा आहे, नीट बघा.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. त्या दोन दुपारी त्यांनी सांगितलं तेवढंच माझ्या वहीत आहे. जे विचारायचं राहिलं, ते आता कुणाला विचारणार?

म्हणून आज एक मागणं आहे. आपल्या वर्गात आडत्यांची मुलं होती, हमालांची होती, ड्रायव्हरांची होती, सुतारांची होती. घरी गेल्यावर जुने अल्बम काढा. ट्रकचा मुद्दाम फोटो कुणी काढत नसे, पण लग्नाच्या वरातीमागे, नव्या दुकानाच्या पूजेत, वारीला निघालेल्या मंडळींच्या पाठीशी एखादा ट्रक उभा असतो. त्याचा अर्धा फाळका जरी दिसत असला तरी मला पाठवा. आणि ज्यांचे वडील, काका, मामा अजून आहेत, त्यांच्याजवळ एक दुपार बसा. माझ्यासाठी फळ्यांची उंची विचारा, बाकीचं तुमच्यासाठी विचारा.

सरांनी आणि बाईंनी इतकं शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात मला ही सवलत कधी मिळाली नव्हती!