तारेखालचा संसार



आम्ही जन्मभर शाळामास्तरकी केली. विद्युच्छास्त्र आम्ही शिकलेलो नाही. तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याची परवानगी आम्हीच मंडळाकडे मागितली. तिचे कारण ओघाने येईल.

विजेशी मावळाचा संबंध जुना आहे. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले व मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. १९२९ साली कल्याण-पुणे लोहमार्गावर विजेच्या गाड्या आल्या. त्या तारेत तेव्हा १,५०० व्होल्ट दाब असे. आता तो २५,००० आहे. कान्हे स्टेशनाजवळ वाढलेल्या आम्हां मुलांस वडील मंडळी दटावीत, "वरच्या तारेकडे काठी उगारू नका." आता तर तारेस स्पर्शही व्हावा लागत नाही. उभ्या मालगाडीच्या टपावर कोणी चढला, तर हवेतूनच ठिणगी झेप घेते. म्हणून तिच्यापासून निदान दोन मीटर दूर राहावे, असा दंडक आहे.

परंतु रेल्वेच्या तारेचे भय सर्वांस असते. अंगणातल्या, बांधावरल्या तारेचे ते कोणासच वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी, ऐन भातलावणीत, आमच्या शेजाऱ्याची म्हैस खाचरात कोसळली. रात्रीच्या वाऱ्यात तार तुटून चिखलात पडली होती. ठिणगी नाही, आवाज नाही. तीत वीज नसावी असेच आम्ही धरले. शेजारी म्हशीकडे धावला. त्याच्या सुनेने मागून त्याचा सदरा धरला व त्यास अक्षरशः मागे खेचले. सासऱ्यास हात लावावा की नाही, याचा विचार तिने क्षणभरही केला नाही. तिचे वडील वायरमन होते.

पुढे तिनेच आम्हांस समजाविले. ओल्या जमिनीत वीज तारेभोवती पसरते; दोन पावलांत जितके अंतर, तितका धोका अधिक. गुराचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, म्हणून ते आधी पडते. आपण तेथे सापडलोच, तर पळू नये. दोन्ही पाय जुळवून, न उचलता, घसटत दूर व्हावे. बांबूने तार बाजूस सारू नये, कारण ओला बांबू वीज वाहून नेतो. १९१२ या क्रमांकावर कळवावे, इतरांस लांब रोखावे, आणि वीज बंद झाल्याचे वायरमनने सांगेपर्यंत थांबावे. आपलेच माणूस पडले असता थांबणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. परंतु धावणारा दुसरा बळी होतो. घरात कोणी चिकटला, तर मात्र आधी मेन स्विच पाडावा व मगच त्यास हात लावावा.

खांबाच्या ताणतारेस गुरे बांधणे, तारेखाली मंडपाचे लोखंडी पाइप उभे करणे, आकडा टाकणे, यांविषयी निराळे काय सांगावे? आकडा टाकणारे घर कोणाचे, हे गावात सर्वांस ठाऊक असते, बोलत कोणी नाही!

आमच्याही घरची धुणे वाळत घालण्याची तार विजेच्या खांबास बांधलेली होती. वीस वर्षे मुलांस विज्ञान शिकविताना ती आम्हांस दिसली नाही. त्या सुनेने ती दाखविली, आणि त्याच संध्याकाळी आम्ही ती सोडली. आता दोन लाकडी मेढींना सुतळी बांधली आहे. पावसाळ्यात ती सैल पडते आणि घरातून कुरकुर होते. ती आम्ही ऐकून घेतो.