हजेरीपटाबाहेरचे रहिवासी



भोसले घराण्याने जेथे पावणेदोनशे वर्षे राज्य केले, त्या तंजावर जिल्ह्यात कावेरीकाठी कुंभकोणम वसले आहे. तेथील भातशेतात ‘किट्टी’ नावाचा सापळा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बांबू धनुष्यासारखा वाकवून दोरीने ताणायचा, संध्याकाळी बांधावर लावायचा आणि सकाळी उंदरासह उचलायचा. तो लावणाऱ्या माणसाला बिळाच्या तोंडाशी आलेली माती पाहताच आत कोणी राहते की नाही, हे उमगते. शास्त्रज्ञाच्या टिपणवहीत मात्र हे ज्ञान क्वचितच उतरते.

त्याची गरज किती आहे, हे २०२३ साली दिसून आले. त्या वर्षी मार्चअखेर केंद्राने पुकारलेल्या कोळसा-लिलावात तंजावर जिल्ह्यातील वडसेरी आणि शेजारच्या जिल्ह्यांतील मायकेलपट्टी व पूर्व सेतियातोपू हे लिग्नाइटचे पट्टे होते. उत्तरेकडे नेवेलीला अशा खाणी अनेक दशके चालू आहेत. तेथे आधी वरची माती खरवडली जाते आणि लिग्नाइटखालच्या भूजलाचा दाब उतरवण्यासाठी पाणी अखंड उपसावे लागते. शेतकरी व राज्य सरकारने विरोध केला. त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा २०२० चा राज्याचा कायदाही होता. एप्रिलमध्ये तिन्ही पट्टे वगळण्यात आले. भात वाचले, परंतु बांधाखाली कोण राहते, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारला नाही.

जेथे असा कायदा नाही, तेथे सारी भिस्त पाहणीच्या अहवालावर असते. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेखाली होणाऱ्या मूल्यांकनात पावसाळा वगळून एकाच ऋतूतील पाहणी पुरेशी मानण्याचा प्रघात आहे. कावेरीच्या मुखाकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. उंदरांची वाढ पिकाच्या चालीने होते आणि कापणीनंतर ते बांध, कालव्याचे काठ व झुडपे गाठतात. उन्हाळ्यात मोकळ्या शेतात आठवडाभर फिरलेला पाहणीकार ‘काही आढळले नाही’ असे लिहितो. कालांतराने त्याचाच अर्थ ‘येथे काही नाही’ असा लावला जातो.

खरी पाहणी चिकाटीची असते. समान अंतरावर पत्र्याचे पेटीसापळे मांडायचे, चिचुंद्रीसाठी बादल्या काठापर्यंत जमिनीत पुरायच्या आणि ऊन चढण्यापूर्वी सारे तपासायचे. प्रत्येक प्राण्याचे वजन, शेपटी, कान व मागचे पाऊल मोजून, खूण करून त्याला सोडायचे. समजा, चाळीस जणांना खूण केली आणि पुढच्या खेपेस सापडलेल्या तिसांपैकी दहा खुणेचे निघाले, तर एकूण संख्या सुमारे एकशेवीस असा अंदाज बांधता येतो. हे गणित शाळकरी मुलालाही जमते. पण ते प्रत्येक ऋतूत आणि बांध, काठ, झुडूप अशा प्रत्येक अधिवासात पुन्हा करावे लागते.

स्थानिकांना विचारण्याची रीत नवी नाही. वॉल्टर इलियट यांनी १८३९ साली दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. धारवाडकडच्या मऊ केसांच्या शेतउंदराचे त्यांनी नोंदवलेले स्थानिक नाव वडार लोकांच्या तोंडचे होते. मातीकाम करणाऱ्यांच्या बोलीतील तो शब्द, किंचित बदललेल्या रूपात, आजही त्या उंदराच्या शास्त्रीय नावात आहे. कावेरीच्या शेतांतही हा उंदीर आढळतो.

उंदीर शेतकऱ्याचे नुकसान करतो, यात वाद नाही. किट्टी त्यासाठीच जन्मली. तरीही त्याच उंदरांवर गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस आणि कोल्हा जगतात. शेतात उंदीर आवरणे वेगळे आणि त्यांचे सारे घर कायमचे उकरून टाकणे वेगळे. दुसऱ्या निर्णयापूर्वी तेथील रहिवाशांची मोजदाद झालीच पाहिजे.

साठ वर्षांचे हजेरीपट जपणाऱ्या शाळेला हे सांगावे लागू नये. हजेरीपटात नाव असेल, तरच गैरहजेरी लागते. ज्याचे नाव कधी लिहिलेच गेले नाही, तो नाहीसा झाल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. या शाळेचे विद्यार्थी उद्या अभियंते, अधिकारी, शिक्षक होतील. एखादा अहवाल त्यांच्यापुढे सहीसाठी आला, तर सही करण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे: पाहणी कोणत्या महिन्यात झाली, आणि बिळे ओळखणाऱ्या माणसाला कोणी विचारले होते का?