बाळाचा मधुमेह : दोष कोणाचा?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला, जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला एक निवृत्त शिक्षक आहे. तरीही हा विषय मी चिटणीसांकडून मागून घेतला, त्यास कारण आहे. सात वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका तीन महिन्यांच्या बालकास मधुमेह झाला. ‘डोहाळ्यांत हिने गोड फार खाल्ले’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी सुनेस बोल लावला. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून आज बोलत आहे.

मातेने गोड खाल्ल्यामुळे तान्ह्या बाळास असा मधुमेह होत नाही. शाळकरी वयात बहुधा जो मधुमेह होतो, त्यात शरीराची संरक्षक शक्तीच इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. सहा महिन्यांच्या आतील बालकाचा मधुमेह मात्र दुर्मिळ व निराळा. तो बहुधा एकाच जनुकातील बिघाडाने होतो.

इन्शुलिनच्या पेशींना पोटॅशियमची सूक्ष्म दारे असतात. रक्तातील साखर वाढली की ती मिटतात आणि इन्शुलिन बाहेर पडते. जनुक बिघडल्यास दार उघडेच राहते. इन्शुलिन कोठारात असूनही बाहेर येत नाही. इंग्लंडमधील एक्सेटर येथील अँड्र्यू हॅटर्स्ली, ॲना ग्लॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे कारण उजेडात आणले. नवल असे, की सल्फोनिलयुरिया नावाच्या जुन्याच गोळ्या हे दार मिटवितात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्शुलिनचे इंजेक्शन सुटले.

आता दोषाविषयी. दाराचा हा बिघाड पुष्कळदा आईकडूनही आलेला नसतो व बापाकडूनही नसतो. तो बालकातच नव्याने उद्भवतो. अन्य काही प्रकारांत निरोगी आईबापांकडून एकेक सदोष जनुक येऊन दोहोंची गाठ पडते. जवळच्या नात्यातील विवाहांत असा योग अधिक संभवतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यात आहे. तिचा समाजाने शांत चित्ताने विचार करावा. परंतु तेथेही दोघांचा वाटा सारखाच. एकट्या सुनेस बोल लावणे हा अन्यायच.

म्हणून माझी विनंती आहे. बाळ वारंवार लघवी करीत असेल, सारखे तहानलेले असेल, वजन वाढत नसेल अथवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. सहा महिन्यांच्या आत मधुमेह ठरल्यास डॉक्टरांजवळ जनुक-तपासणीचा आग्रह धरा. आपल्या देशात चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन ही संस्था हे कार्य करते. तान्हेपणी मधुमेह जडलेली मुले आता मोठी झाली असली, तरी त्यांचीही तपासणी व्हावी. मात्र गोळ्या सर्वांनाच लागू पडत नाहीत. डॉक्टरांच्या आज्ञेवाचून इन्शुलिन कदापि बंद करू नये, त्यात जिवास धोका आहे.

ते बालक आज शाळेत जाते. इंजेक्शन चालूच आहे. गेल्या महिन्यात मी त्या घरी जाऊन सुनेची क्षमा मागितली आणि तपासणीचा विषय काढला. रक्ताचा नमुना गेला आहे. उत्तर काय येईल ते ईश्वर जाणे. पण त्या माउलीच्या माथ्यावरचा ठपका तरी आजच पुसला जावो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.