बोल्ट आवळण्याची विद्या



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विषयही आमच्या हाताखालचाच घेतला आहे. मोटारीचे इंजिन उघडून पुन्हा जोडताना बोल्ट कसा आवळावा, हा तो विषय. “त्यात शिकायचे काय? जोर लावला की झाले!” असे गॅरेजचे मालक म्हणतात, आणि याच समजुतीवर मेस्त्रीची मजुरी ठरते. म्हणून ती समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. ती एक कडक स्प्रिंग आहे. आवळला की बोल्ट केसभर लांबतो आणि पुन्हा आखडण्याच्या ओढीने दोन भागांना घट्ट धरून ठेवतो. ताण आणि लांबणे यांचे प्रमाण रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केले. कमी आवळला तर ओढ कमी पडते. बेसुमार आवळला तर तो कायमचा लांबतो, तुटतो, किंवा ॲल्युमिनियमचे आटे उपटून आणतो.

आता खरी अडचण पाहा. हाताला कळतो तो पान्याचा जोर. बोल्टाची ओढ हाताला कळत नाही. जोराचे शंभर भाग धरले तर सुमारे ५० बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, ४० आट्यांच्या घर्षणात, आणि ओढीच्या वाट्याला जेमतेम १० येतात. आट्यांत गंज वा कचरा असला की हे १० आणखी घटतात, पाना मात्र तोच आकडा दाखवतो. उलट, कोरड्या आट्यांचा आकडा तेल लावलेल्या बोल्टाला वापरला, तर ओढ भलतीच वाढते. म्हणून आटे आधी स्वच्छ करावेत, आणि तेल लावावे की नाही हे त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावे. तळ बंद असलेल्या भोकात तेल वा पाणी साचू देऊ नये. ते दाबले जात नाही, आणि ब्लॉकला तडा जातो.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. सतरंजी अंथरताना आपण सुरकुत्या मधून कडेला सारतो. सिलिंडर हेडचे बोल्टही बहुधा तसेच मधून बाहेर, आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. सोडताना बाहेरून आत. एका टोकापासून पुरते आवळत गेले तर गॅस्केट सारखे दबत नाही, आणि पाणी तेलात शिरण्याची वाट मोकळी होते.

अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत बोल्ट ठरावीक जोरापर्यंत आवळून पुढे अंश मोजून फिरवतात, म्हणजे घर्षणाची लबाडी कमी चालते. असे बरेच बोल्ट मुद्दाम कायमचे लांबू दिलेले असतात. ते एकदाच वापरायचे. “जुनाच बसव” म्हणणारा मालक बोल्टाची किंमत वाचवतो आणि इंजिन पणाला लावतो.

इंजिन पुन्हा उघडावे लागले, की दोष मेस्त्रीच्या हातावर येतो आणि पगारातून पैसे कापले जातात. आम्ही विचारतो, त्याला टॉर्क पाना दिला होता काय? तो वेळोवेळी तपासून घेतला होता काय? पुस्तक त्याला वाचता येईल अशा भाषेत होते काय? आटे साफ करायला वेळ दिला होता काय? हे चार दिल्यावाचून हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण आमच्या भावांनाही आम्ही सांगतो. पान्याला पाइप लावणे ही मर्दुमकी नव्हे. टॉर्क पाना ‘टक्’ वाजल्यावर मनाच्या समाधानासाठी आणखी एक झटका देणे हे कसब नव्हे. त्याच पान्याने जाम बोल्ट सोडवू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. हक्क मागणाऱ्याचे काम चोख असले पाहिजे.

श्रोतेहो, आपली गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा “किती लवकर?” एवढेच विचारू नका, “बोल्ट मोजून आवळणार ना?” हेही विचारा, आणि त्या मोजण्याला लागणाऱ्या वेळाचे दाम खुशीने द्या.