खर्च कोणाचा, यादी कोणाची

वैज्ञानिक परिषदेच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बोधचिन्हांची एक रांग असते. विद्यापीठ, केंद्र सरकारचं एखादं खातं, भिंगं किंवा लेसर विकणाऱ्या दोन-तीन कंपन्या, कोपऱ्यात एक बँक. ते पान कोणी वाचत नाही. आज मी त्या पानाबद्दलच बोलणार आहे.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं आपण म्हणतो. विज्ञानाच्या बाबतीत ते कितपत खरं, हे तपासायला मी अमेरिकेतलं रॉचेस्टर शहर निवडलं आहे. न्यूयॉर्क राज्यातलं हे गाव म्हणजे कोडॅकचं गाव. बॉश अँड लॉम्ब ही चष्म्यांची आणि सूक्ष्मदर्शकांची कंपनीही तिथलीच. या दोघांच्या मदतीने तिथल्या विद्यापीठात १९२९ साली प्रकाशविज्ञानाची स्वतंत्र संस्था निघाली. म्हणजे उद्योगाने विद्यापीठाला पैसे देणं ही तिथे रुळलेली गोष्ट होती.

त्याच विद्यापीठात रॉबर्ट मार्शाक नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. जून १९४७ मध्ये शेल्टर आयलंड या बेटावर दोन डझनांच्या आसपास निवडक भौतिकशास्त्रज्ञ जमले होते, त्यांत तेही होते. ओपेनहायमर, बेथे, श्विंगर, तरुण फाइनमन अशी ती मैफल. खर्च अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा आणि तोही हजार डॉलरच्या आत. पुढे तशा आणखी दोन बैठका झाल्या. मार्शाक यांना एक गोष्ट खटकत होती : तिथे सिद्धांतवाल्यांचीच गर्दी. यंत्रांवर बसून नवे कण पकडणारे लोक थोडे, परदेशी त्याहून थोडे. त्यांना सगळ्यांना एका खोलीत बसवायचं होतं. पैशासाठी ते वॉशिंग्टनला गेले नाहीत. हॅलॉइड नावाच्या तिथल्या कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी गावातल्या उद्योगांकडून रक्कम उभी करून दिली. हॅलॉइड म्हणजे पुढची झेरॉक्स. १६ डिसेंबर १९५० रोजी मूलकणांवर एका दिवसाची परिषद भरली, पन्नासेक माणसांची. रॉचेस्टर परिषदांची मालिका तिथून सुरू झाली.

विल्सन यांना यातून काय मिळालं? विकता येईल असं काहीच नाही. पाय-मेसॉन नावाच्या कणाच्या माहितीवर कॉपी काढायचं यंत्र बनत नाही. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही, आणि मला ती पैशाहून मोठी वाटते : कोणाला बोलवायचं यात त्यांनी हात घातला नाही. लग्नाचा खर्च करणारा काका आमंत्रणाची यादी मागत नाही, असं आपल्याकडे किती घरांत घडतं?

परिषद वाढली तसा गावचा पैसा पुरेना आणि सरकारी पैसा आला. नुसता पैसा नव्हे, सरकारची परवानगीही लागू लागली. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत परदेशी शास्त्रज्ञाला अमेरिकेचा व्हिसा मिळणं मुश्किलीचं होतं, सोव्हिएत शास्त्रज्ञाला तर जवळपास अशक्य. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्रथम आले १९५६ च्या सहाव्या परिषदेला. तिथवर जायला कोडॅकचे डॉलर उपयोगाचे नव्हते, परराष्ट्र खात्याचा होकार लागला. सरकारी प्रायोजकत्वाची ही बाजू आपण विसरतो. दार उघडायची किल्ली सरकारकडेच असते.

त्याच परिषदेत मार्टिन ब्लॉक या प्रयोगवाल्याला एक शंका आली : निसर्ग डावं-उजवं सारखंच मानतो हे कशावरून? स्वतः विचारलं तर लोक हसतील म्हणून त्यांनी ती खोलीतल्या सोबत्याकडून, म्हणजे फाइनमनकडून, सभेत विचारवली. पुढच्या काही महिन्यांत ली आणि यांग यांनी तो प्रश्न तडीस नेला, आणि १९५७ चं नोबेल त्यांना मिळालं. कुठल्या प्रायोजकाने ही शंका अर्जात लिहून घेतली असती? दोन माणसं एका खोलीत मुक्कामाला होती, म्हणून ती पुढे आली.

पण यादी शास्त्रज्ञांच्या हाती असली की सगळं आलबेल, असंही नाही. जॉर्ज सुदर्शन हा केरळचा तरुण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९५५ मध्ये मार्शाक यांच्याकडे पीएच.डी. करायला गेला. १९५७ च्या सातव्या परिषदेपर्यंत कणांमधल्या दुर्बल आंतरक्रियेचा मूळ साचा त्याच्या हाती आला होता. पण तो पडला विद्यार्थी, प्रतिनिधी नव्हे. त्यामुळे स्वतःच्याच विद्यापीठातल्या परिषदेत त्याला बोलता आलं नाही, आणि मार्शाक दुसऱ्या विषयावर बोलले. सप्टेंबरमध्ये इटलीतल्या परिषदेत ते काम मांडलं गेलं खरं, पण फाइनमन आणि गेल-मान यांचा त्याच विषयावरचा निबंध नियतकालिकात आधी छापून आला. इथे ना सरकार आडवं आलं, ना कंपनी. आडवा आला तो शास्त्रज्ञांनीच घातलेला पायरीचा नियम.

आता प्रकाशविज्ञानाकडे येऊ. जून १९६० मध्ये रॉचेस्टरलाच भौतिकशास्त्रज्ञ एमिल वोल्फ यांच्या पुढाकाराने प्रकाशाच्या सुसंगततेवर परिषद भरली. गंमत पाहा : थिओडोर मेमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचा पहिला लेसर १६ मे रोजी लागला होता आणि त्याची जाहीर वाच्यता व्हायची होती ७ जुलैला. परिषद नेमकी या दोन तारखांच्या मध्ये. या क्षेत्रावर लष्कराचा पैसा तेव्हा मुबलक होता, आणि त्याचं दुसरं टोक लेसरवरच काम करणाऱ्या गॉर्डन गूल्ड यांनी पाहिलं. लेसरसाठी त्यांच्या कंपनीने संरक्षण खात्याकडे तीन लाख डॉलर मागितले, मिळाले जवळजवळ दहा लाख. मागाहून काम गोपनीय ठरलं आणि गूल्ड यांच्या जुन्या राजकीय ओळखीपाळखींमुळे त्यांना परवाना नाकारला गेला. स्वतःच्या कल्पनेवर चाललेल्या प्रयोगशाळेत त्यांना पाऊल टाकता येईना. मागितल्याच्या तिप्पट पैसा मिळाला की आनंद होतो. मला वाटतं, तिथे जरा थांबून करारपत्र वाचावं.

रॉचेस्टरची पहिली बैठक भरली त्याच आठवड्यात, डिसेंबर १९५० मध्ये, आपल्या मुंबईतही मूलकणांवर आंतरराष्ट्रीय परिषद चालू होती. होमी भाभांनी बोलावलेली, टाटा संस्थेची. संस्था तेव्हा गेटवेजवळ, यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत होती. पाठीशी आंतरराष्ट्रीय भौतिकी संघ आणि युनेस्को. संस्थेचा संसारही टाटा ट्रस्ट, मुंबई सरकार आणि भारत सरकार अशा तिघांच्या पैशावर चाललेला. तिघांपैकी एकट्याचा शब्द चालणार नाही, अशी ही रचना मला आजही शहाणपणाची वाटते.

उलट जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने काय केलं ते आठवा. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची, तर कार्यक्रमालाच नव्हे, सहभागींच्या यादीलाही सचिवांची पूर्वमंजुरी घ्यायची. विज्ञान अकादमींनी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत तो आदेश मागे घेतला गेला. त्यात पैशाचा प्रश्न नव्हताच. ऑनलाइन परिषदेला खर्च तो काय? यादी हवी होती.

तेव्हा सरकारकडे पैसा मागू नका, असं मी म्हणत नाही. जरूर मागा, कारण उद्योगांकडून मूलभूत विज्ञानासाठी विल्सनसारखी माणसं आपल्याकडे फारशी पुढे येत नाहीत. पण अर्जाबरोबर निमंत्रितांची यादी कोण करणार, हे लिहून घ्या. आणि अंदाजपत्रकात शाली, स्मृतिचिन्हं, पिशव्या यांच्या आधी एक रकाना ठेवा : गडहिंग्लज किंवा जतच्या महाविद्यालयातून येणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचं एस.टी.चं भाडं, दोन रात्रींचा मुक्काम, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांना बोलायला दहा मिनिटं.