लांब बोटं आणि हृदयाचा इको



घरात एखादं मूल ताडमाड वाढतं.
हात लांब, बोटं सडपातळ,
चष्म्याचा नंबर मोठा.
बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं.
पण कधी कधी यामागे
मारफान सिंड्रोम असतो.

पॅरिसचे डॉक्टर आंत्वान मारफान यांनी
1896 साली अशाच लांब बोटांच्या
एका मुलीची नोंद केली.
या आजारात दोष असतो जनुकात.
फायब्रिलिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही.
अवयवांना आधार देणाऱ्या ऊती त्यामुळे सैलावतात.

डोळ्यांचे डॉक्टर सरकलेलं भिंग बघतात.
हाडांचे डॉक्टर वाकलेला कणा बघतात.
महाधमनीकडे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीकडे, मात्र कधी कधी दुर्लक्ष होतं.
ती हृदयापाशी हळूहळू फुगते.
बहुधा दुखत नाही.
आणि अचानक फाटू शकते.

म्हणून हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा.
पुन्हा सांगते, इको हवाच.

आता घरी एक सोपी तपासणी.
अंगठा तळहातावर आडवा ठेवा.
मूठ मिटा.
अंगठ्याचं अख्खं नख
करंगळीच्या बाजूने बाहेर आलं?
तर डॉक्टरांना दाखवा.
एवढ्यावरून निदान होत नाही, हं!

निदानाला डोळे, हाडं, हृदय आणि जनुकं,
या सगळ्यांचे तज्ज्ञ लागतात.
औषधांनी महाधमनी फुगण्याचा वेग कमी होतो.
गरज पडल्यास, फाटण्याआधीच शस्त्रक्रिया करतात.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल,
तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी.
कधी घराण्यात कुणालाच नसतो,
तरी होतो.
निदान झालं, की आईवडील आणि भावंडांचाही इको करा.
मूल कबड्डी खेळत असेल,
तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.
चालायला सहसा हरकत नसते.