कागदपत्रांचे जतन : एक कौटुंबिक कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज मला चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाचा अनुभव, एवढेच माझे भांडवल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आमचे बिऱ्हाड पुण्यास नारायण पेठेत होते. खरेदीखत, शाळेचे दाखले, विम्याची पॉलिसी असे सारे काही वडिलांनी खाटेखालच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेविले होते. पूर ओसरल्यावर आईने ते कागद दोरीवर वाळत घातले. परंतु शाई धुऊन गेली होती. पुढे एकेका दाखल्यासाठी वडिलांनी किती उंबरठे झिजविले, ते मी पाहिले आहे.

त्या प्रसंगाने मी शहाणा झालो असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. २०२२ साली नातवाच्या मदतीने मी सर्व कागदांच्या प्रती एका हार्ड डिस्कवर साठविल्या आणि निश्चिंत झालो. सहा महिन्यांनी ती टेबलावरून पडली व कायमची बंद झाली. सुदैवाने मूळ कागद कपाटात होते. ट्रंक बदलली, परंतु सारे काही एकाच ठिकाणी ठेवण्याची चूक तीच राहिली.

ही चूक थोरामोठ्यांच्याही हातून होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरी सरकारी माहिती केंद्रास आग लागली. शासकीय अधिकाऱ्यांच्या कामकाजाचा ८५८ टेराबाइटचा साठा तीत गेला. कारण त्याची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती.

मग सुरक्षित जागा कोणती? माझे नम्र उत्तर असे की, जागा एक नसावी. प्रती तीन असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील माहिती नाहीशी होऊ शकते. म्हणून दरवर्षी दसऱ्यास सरस्वतीपूजन करताना ती एकदा उघडून पाहावी.

केंद्र शासनाने २०१५ साली सुरू केलेले डिजिलॉकर अवश्य वापरावे. मात्र त्यातील एक भेद ध्यानी घ्यावा. ज्या कार्यालयाचा दाखला, त्यानेच तो तेथे दिला असल्यास २०१६ च्या नियमांन्वये तो मूळ प्रतीच्या बरोबरीचा ठरतो. आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे ठेविलेल्या कागदास तो मान नाही. घराचे खरेदीखत तर मूळ कागदाच्या रूपातच जपले पाहिजे. संगणकावरील प्रत हा केवळ आधार होय. व्हॉट्सॲपवर धाडलेले आधारपत्राचे चित्र म्हणजे जतन नव्हे. ते वाटेल त्याच्या हाती पडू शकते.

आता शेवटची गोष्ट. आपल्या एका भगिनीचे यजमान अकस्मात निवर्तले. विम्याचे, बँकेचे सर्व कागद त्यांच्या फोनमध्ये होते आणि तो उघडण्याचा संकेतांक त्यांच्याबरोबरच गेला. दुःखाच्या त्या दिवसांत त्या माउलीस दारोदार हिंडावे लागले. जे कुलूप चोरास उघडत नाही, ते घरच्यांसही उघडू नये, याला सुरक्षितता कसे म्हणावे? काय कोठे आहे याची यादी आणि संकेतांक कागदावर लिहून, पाकिटात बंद करून घरातील एका विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवावे. गूगलच्या खात्यात, ते दीर्घकाळ वापरले न गेल्यास आपण नेमलेल्या माणसास माहिती मिळावी, अशी सोय करता येते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते ती कंपनी काढूनही टाकू शकते, हेही विसरू नये.

पूर्वजांनी आपणांस थोडे धन आणि पुष्कळ नाव दिले. ते नाव सिद्ध करणारे कागद मुलांच्या हाती सुखरूप देणे हे आपले कर्तव्य होय. आज घरी गेल्यावर निदान एक दाखला तरी दुसऱ्या ठिकाणी ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.